बेडकाची नाडी आणि आंबेनळीचा घाट

महाबळेश्वरला लोक हवा खायला जातात. मी गेलो होतो मनगट दाखवायला, आणि तेही आमच्या बोर्ली पंचतनहून सायकल मारत. तेव्हापासून आजतागायत जो तो रस्त्यात अडवून विचारतो, "नाना, वर झालं तरी काय?" सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाच सगळं कागदावर उतरवतो आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं माझ्या दुकानात यावं, मी सोडा पाजीन; पण वाद घालू नये, कारण मला राग लवकर येतो.

दुकान म्हणजे सोडावॉटरचं. गोटीच्या बाटल्या मी स्वतः भरतो. महाडच्या मामाच्या घरी मुंज होती तेव्हा एक पेटी घेऊन गेलो होतो. तिथं महाबळेश्वरच्या वैद्यांची धाकटी मुलगी आली होती, इंदू. तिनं एका दमात बाटली संपवली, जोरात शिंकली आणि न लाजता मला विचारलं, "ही गोटी आत घालतात कशी?" आजवर लोकांनी माझा सोडा पिऊन ढेकरच दिले होते. गोटीची चौकशी करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. मी तिथल्या तिथं ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी.

मामानं शब्द टाकला. वैद्यांचा निरोप आला, "पत्रिका नको. मुलालाच पाठवा. नाडी पाहीन, मग काय ते बोलू."

आता तुम्हीच सांगा, धडधाकट माणसाला हे ऐकून काय वाटेल? मी काय बैल आहे, दात मोजून घ्यायला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, नाडीच पाहायची ना? मग मोटारीनं कशाला, सायकलवर घाट चढून येतो आणि दारात उभा राहतो, म्हणजे नाडी पाहायची गरजच उरणार नाही.

माझ्याबरोबर निघाला इस्माईल. त्याच्या बापाचा मचवा आहे, आणि हा शाळा सोडल्यापासून वल्ह्यावरच वाढला. त्याच्या चुलत्यानं आफ्रिकेतून सायकल धाडली होती. दांडगा गडी, पण समुद्र सोडून दुसऱ्या कशातलं त्याला काही कळत नाही आणि कळत नाही हेही त्याला मान्य नाही. माघातल्या एका पहाटे निघताना पाहतो तर पठ्ठ्यानं दोन्ही सायकलींच्या मागे नारळांची पोती बांधलेली.

"हे काय?"

"नीरम (गलबत उलटू नये म्हणून तळाशी घालतात ते वजन)," इस्माईल म्हणाला. "वर वारा मोप हाय, नाना. रिकामं गलबत वाऱ्यात टिकत न्हाय."

"अरे, सायकल म्हणजे गलबत आहे का?"

"चाकं लावली म्हणून काय झालं?"

मला हसू यायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या वेळी मला ते पटलं. आम्ही खाडीकाठची माणसं. भरलेली होडी संथ चालते आणि रिकामी नाचते, हे लहानपणापासून पाहिलेलं. शिवाय सासऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? मी नारळांवर गवतात गुंडाळून सोड्याच्या दोन बाटल्याही ठेवल्या.

म्हसळ्यापर्यंत रस्ता लाल धुळीचा आणि सोपा. घोणशाच्या चढावर नीरम काय चीज आहे ते पहिल्यांदा कळलं. सायकल पुढं जायच्या ऐवजी मागं घरी जाऊ पाहत होती. तरी आम्ही उतरलो नाही. वर पोहोचल्यावर इस्माईलनं माझं मनगट धरलं आणि वल्हवायच्या वेळचा आवाज लावला, "हेऽऽ सा! हेऽऽ सा!" त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं, माझ्याजवळचं बंद पडलं होतं. त्यामुळे नाडी मोजायची त्याची ही रीत. घरून निघताना एका वल्ह्याला माझे दोन ठोके पडत होते. इथं तीन पडले. पण चिमूटभर तंबाखू मळून होईपर्यंत पुन्हा दोनावर आले.

"मशीन हाय मशीन!" इस्माईल ओरडला. मी छाती पुढं काढून उतार उतरलो.

माणगावच्या बाजारात इस्माईलच्या ओळखीच्या घरी आम्ही तांदळाच्या भाकरीबरोबर सुकं बोंबील हाणले. तिथल्या म्हाताऱ्या खालानं (मावशीनं) पोत्यात काय आहे विचारलं. नीरम म्हणताच तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! वाऱ्याची भीती वाटते तर घरी बसा ना. ते नारळ मला द्या, मी सोलकढी करते." चार नारळ तिनं काढून घेतले. इस्माईलला तेवढ्यानंही होडी डोलेल अशी काळजी वाटली.

रात्री महाडला मामाकडे मुक्काम. मामी जुन्या वळणाची. इस्माईलचं पान तिनं ओटीवर मांडलं, मग मीही माझं पान तिथंच मागवलं. मामी फणफणली, पण तूप दोघांनाही सारखंच वाढलं. मामा म्हणाला, "नान्या, अण्णा वैद्य वाईट माणूस नाही. पण मनगट धरलं की सोडत नाही." मी म्हटलं, "धरू दे की."

पोलादपूर मागं पडलं आणि आंबेनळीचा घाट सुरू झाला. आमच्याकडे चढ असतो तो टेकडीएवढा. चढलो, घाम पुसला, उतरलो. हा घाट संपतच नाही. एक वळण घ्यावं तर पुढं दुसरं, आणि त्याच्यावर झाडीतून तिसरं खाली डोकावून पाहतंय. डोंगर निळे-काळे, दरीत धुकं, रस्त्याच्या कडेला गार पाण्याचे झरे. पाहायला फार सुंदर. पण मला तेव्हा पुढच्या चाकाखेरीज काही दिसत नव्हतं.

पहिल्या भागात पाय दुखले, ते ठीकच. पुढं मात्र भलतंच सुरू झालं. पाय म्हणायचे चल, आणि छाती म्हणायची थांब. हवा गार, अंगाला घामसुद्धा फारसा नाही, म्हणून वाटे की आपण काही फार कष्ट करत नाही. पण श्वास घ्यावा तर पुरत नव्हता. खाली मी पायडल मारता मारता गप्पा हाणत होतो. इथं एक वाक्य दोन हप्त्यांत बोलावं लागे. इस्माईलचं "हेऽऽ सा" आखडत आखडत नुसतं "हे" राहिलं, आणि मग तेही गेलं.

भाताची पोती घेऊन चाललेल्या एका बैलगाडीनं आम्हांला गाठलं. गाठलं म्हणजे मागून येऊन पुढं गेली. गाडीवान वळून म्हणाला, "कुठं निगालासा?"

"म... हाबळेश्वर," मी म्हणालो.

"पोत्यात काय हाय?"

"नी... रम," इस्माईल म्हणाला.

त्यानं पोत्यात हात घालून पाहिलं. "नारळ हायेत की हे! डोंगर चढताना वजन घ्येतं का कोन? बैलालाबी कळतं." बैलानं खरोखरच आमच्याकडे पाहिलं. गाडीवानाला आम्ही निम्मे नारळ देऊन टाकले. पुढं भेटेल त्याला वाटत गेलो: एका ताकवालीला, दोन धनगरांना, एका देवळाच्या गुरवाला. तुफानात सापडलेलं गलबत माल समुद्रात टाकतं, तसाच आमचा प्रकार. गुरव मात्र खूश झाला. देवाला एवढे नारळ वाहणारे भक्त त्याला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते.

प्रतापगडाच्या फाट्यापुढं आम्ही दगडावर बसलो. इस्माईलनं माझी नब्ज (नाडी) धरली आणि मनातल्या मनात वल्हं मारू लागला. त्याचा चेहरा उतरला.

"एका वल्ह्याला चार हायेत, नाना."

"थांब थोडा. खाली येईल."

तंबाखू मळून झाली, खाऊन झाली, थुंकूनही झाली. नाडी चाराची तीन झाली, पण दोन काही होईना. पाय विसावले, घाम वाळला, तरी आत काळीज आपलं धावतंच आहे. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हे काळीज असंच धावत राहिलं आणि वैद्यांनी नेमकं आत्ताच मनगट धरलं तर? ज्या सायकलीनं मी माझी तब्येत सिद्ध करणार होतो, तीच माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला निघाली होती.

"दोन दिस वर राहू, मंग त्यांच्या घरी जाऊ," इस्माईल म्हणाला. "नव्या पाण्यात मासापन आधी घाबरतो."

शहाणपणाचा सल्ला होता. पण बाजाराच्या चढावर आम्ही सायकली ढकलत असतानाच वैद्य समोरून आले. उंच, सडसडीत, खांद्यावर घोंगडी. सायकल, धूळ आणि माझा चेहरा पाहून त्यांनी ओळखलं. ना रामराम, ना या बसा. भर रस्त्यात त्यांनी माझा उजवा हात उचलला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

वैद्यलोकांच्या हिशेबात वाताची नाडी सापासारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते आणि कफाची हंसासारखी डौलात चालते. वैद्यांनी डोळे उघडले.

"बेडूक," ते म्हणाले.

"अण्णा, घाट चढून आलोय!"

"पाहिलं. चला घरी, थोडं बसा. पुन्हा पाहू."

ओटीवर बसलो. दूध आलं, मध आला. पुन्हा मनगट. पुन्हा बेडूक. मी म्हटलं, उंचीवर हवा विरळ असते म्हणून काळजाला जास्त धावावं लागतं. विश्वास नसेल तर इस्माईलची पाहा. त्यांनी इस्माईलची पाहिली.

"दोन्ही बेडूक एकाच डबक्यातले."

माझा तोल सुटला. "अहो, इथली हवाच पातळ आहे! थांबा, दाखवतो." मी सोड्याची बाटली काढली. आमच्या धंद्यात हे मला पक्कं ठाऊक, वरच्या हवेचा दाब कमी झाला की आतला वायू जास्त जोरात उसळतो. शिवाय ती बाटली बोर्लीपासून घाटभर हिंदकळली होती, ते मी विसरलो. अंगठ्यानं गोटी आत दाबली मात्र, असा काही फवारा उडाला की वैद्यांची मिशी, घोंगडी आणि मागच्या भिंतीवरचा धन्वंतरी, तिघांनाही आंघोळ झाली.

"पाहिलंत?" मी विजयानं म्हणालो. "खाली असं होत नाही!"

वैद्यांनी शांतपणे मिशी पुसली. "म्हणजे तुमचं काळीजही इथं असंच फुटणार म्हणता?"

इस्माईल खाली बघून तौबा तौबा करू लागला.

"उंचीनं नाडी उडत असती," वैद्य म्हणाले, "तर या गावात सगळे बेडूकच झाले असते. ही पाहा माझी." त्यांची नाडी खरोखरच सरोवरातल्या हंसासारखी होती.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "अण्णा, मोटारीतून येणारे पाहुणेसुद्धा पहिल्या दिवशी आपल्या चढावर तीनदा थांबतात. चार दिवसांनी धावत जातात. तुम्ही जन्मापासून इथं आहात, तुमच्या काळजाला ही हवा सवयीची. यांना राहायचंय समुद्रावर. मग यांची नाडी तिथं नको का पाहायला?"

इंदू होती. काय सांगू, त्या क्षणी माझ्या नाडीनं जी उडी मारली, ती वैद्यांच्या बोटाखाली नव्हती हे माझं नशीब.

"मी पोलादपूरच्या खाली कधी उतरलेलो नाही," वैद्य म्हणाले. "आणि या वयात उतरणारही नाही. माझा नकार आहे."

रागानं मी निघालोच होतो. हात धुवायला मागं गेलो तर तिथं इंदूची थोरली बहीण पाणी घेऊन उभी होती. वय फार नसावं, कपाळ मोकळं. हळूच म्हणाली, "रागावू नका अण्णांवर. माझ्या वेळी पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली होती, म्हणून त्यांनी नाडी पाहिली नाही. ह्यांचं काळीज आधीपासून दुखणाईत होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेले. तेव्हापासून अण्णा पत्रिकेला हात लावत नाहीत."

माझ्या हातावर पाणी पडत राहिलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. बैलाचे दात मोजतोय म्हणून मी ज्याला शिव्या घातल्या, तो बिचारा नुसता घाबरलेला बाप होता.

उतरताना घाट भराभरा मागं पडला. ब्रेकांचा चर्र चर्र आवाज, कानांत दडे, आणि प्रत्येक वळणाला श्वास मोठा होत गेला. पोलादपूरला इस्माईलनं मुकाट्यानं मनगट धरलं. "दोन," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही. असली दोनाची नाडी घेऊन आता करायचं काय होतं?

घरी येऊन मी पुन्हा बाटल्या भरू लागलो. गोटी दाबली की इंदूची शिंक आठवायची. आई म्हणाली, दुसरी मुलगी पाहू. मी तिच्यावर ओरडलो आणि मग तासभर तिच्याशी गोड बोलत बसलो.

फाल्गुनात, टळटळीत दुपारी, म्हसळ्याच्या मोटारीतून एक उंच माणूस दुकानासमोर उतरला. अंगात लोकरीची बंडी, खांद्यावर घोंगडी आणि चेहरा लालबुंद. वैद्य!

"पोरगी माझ्याशी बोलत नाही," बाकावर कोसळत ते म्हणाले. "थोरलीही तिच्याच बाजूची. घरात डाळीला फोडणी बसते तेवढाच आवाज. काय ही हवा तुमची! अंगाला चिकटते. श्वास घ्यावा का प्यावा?"

इस्माईल दुकानातच होता. त्यानं विचारल्याशिवाय वैद्यांचं मनगट धरलं आणि वल्हं सुरू केलं. "अण्णा, एका वल्ह्याला चार हायेत. बेडूक!"

वैद्यांनी घाईघाईनं स्वतःची नाडी स्वतः पाहिली, आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी बंडी उतरवायला लावली, पंखा दिला, आल्याचा सोडा फोडला. या वेळी फवारा उडाला नाही. त्यांनी बाटली संपवली आणि तेही शिंकले, अगदी मुलीसारखेच.

"बसल्या जागी पाहिलेल्या नाडीवर माझा आता भरवसा नाही," ते म्हणाले. "तुमच्याही नाही, माझ्याही नाही. मला हे काळीज धावताना पाहायचंय."

संध्याकाळी ओहोटीला आम्ही त्यांना दिवेआगरच्या पुळणीवर (ओल्या वाळूच्या किनाऱ्यावर) नेलं. ओहोटीची वाळू फरशीसारखी घट्ट. वैद्य माझ्या कॅरियरवर बसले, धोतर आवरलं आणि मागून हात पुढं घालून हँडलवरचं माझं उजवं मनगट तीन बोटांनी धरलं. वैद्याला पाठीवर घेऊन चाललेला रोगी त्या किनाऱ्यानं पूर्वी पाहिला नसेल. जाळी सुकवणाऱ्या कोळणी कामं टाकून उभ्या राहिल्या. "आगं बाय, म्हातारा नवरी हाय का काय!" एकजण ओरडली आणि सगळ्या खदखदल्या.

"हाणा!" वैद्य कानात म्हणाले. मी हाणलं. इस्माईल बाजूनं धावत "हेऽऽ सा! हेऽऽ सा!" करत होता. वारा समोरून, वाळू चाकाला धरणारी, आणि पाठीवर सासरा. तोच नीरम, आणि तोही बोलणारा. किनाऱ्याच्या टोकाला पोहोचलो तेव्हा माझं काळीज कानांत वाजत होतं.

"बेडूक," वैद्य म्हणाले. मला वाटलं, संपलं. "गप्प. हलू नका."

आम्ही वाळूत बसलो. त्यांनी डोळे मिटले, बोटं मनगटावरच. समोर समुद्र मागं हटत होता. इस्माईलसुद्धा तोंड मिटून उभा राहिला, ही गोष्ट आमच्या गावात कुणाला खरी वाटणार नाही. बोटांखाली ठोके हळूहळू सुटे होत गेले, मऊ होत गेले. मला स्वतःला ते ऐकू येईनासे झाले.

"उडालं म्हणून काळीज वाईट नसतं," डोळे न उघडता वैद्य म्हणाले. "उडून परत ठिकाणावर येतं की नाही, ते पाहायचं. थोरलीच्या नवऱ्याला मी एकदा जिना चढवला असता, आणि मग असंच जवळ बसलो असतो, तर मला कळलं असतं."

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हंस."

"म्हंजी व्हय?" इस्माईलनं विचारलं.

"म्हणजे मुलीला सांगतो, सोड्याची गोटी बाटलीत कशी घालतात ते तिथंच जाऊन पाहा."

इस्माईल ओरडत कोळणींकडे धावला. मी पाया पडायला वाकू लागलो, पण वाकता येईना. सूर्य पाण्याला टेकला होता, नाडी केव्हाच पाहून झाली होती, आणि अण्णांनी माझा हात अजून सोडलेला नव्हता.

लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन गेली. इंदूला गोटीचं गुपित आता माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. दर हिवाळ्यात मी सायकलनं घाट चढतो, पोत्याशिवाय. वर पोहोचलो की पाय धुवायच्या आधी उजवा हात पुढं करतो. अण्णा तीन बोटं ठेवतात, "बेडूक" म्हणतात आणि माझा हात हातात घेऊन ओटीवर बसून राहतात, बेडूक शांत होईपर्यंत. मग थोरली ताई दूध आणते, आणि त्यानंतर आम्ही घरच्यांची खुशाली विचारतो.